शाईची वडी, फोटो कलर आणि एअरब्रश: स्वस्त पारदर्शक रंगाची आपली गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेली अडखळ आणि परत परत आलेले ‘म्हणजे’ काढून टाकलेत, बाकी बोलणं आहे तसं ठेवलंय.

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे: पारदर्शक रंग. म्हणजे असा रंग, की जो लावल्यावर खालचं झाकलं जात नाही, फक्त त्याची छटा बदलते. स्केल मॉडेल बनवणाऱ्यांना याची गरज कुठे पडते ते लगेच कळेल. बीड शहरात रेल्वे यायला २०२५ साल उजाडलं, तोवर इथलं जग एसटीवर चाललं. त्यामुळे इथल्या पोरानं फोमशीट घेऊन मॉडेल करायचं ठरवलं की पहिली बनते ती लालपरी. बॉडीचा लाल रंग कुठेही मिळतो. गाडी अडते ती मागच्या दिव्यावर. टेललाइटला साधा लाल रंग मारला की तो दिवा वाटत नाही, कुंकवाचा टिळा वाटतो. इंडिकेटरचा नारिंगी, विमानाच्या पंखांच्या टोकांचे लाल-हिरवे दिवे, कॉकपिटच्या काचेची धुरकट छटा, चंदेरी थरावर चढवायचा चकाकता लाल, या सगळ्याला पारदर्शक रंग लागतो.

यासाठी तयार रंग मिळतात. जपानच्या तामिया कंपनीचे एक्स-२३ ते एक्स-२७ हे निळा, पिवळा, हिरवा, नारिंगी आणि लाल असे पाच ‘क्लिअर’ रंग जगभर वापरले जातात, आणि धुरकट छटेसाठी एक्स-१९. रंग उत्तम आहेत, प्रश्नच नाही. पण १० मिलीची आयात बाटली, तिच्यासोबत त्याच कंपनीचं थिनर, वर कुरिअर, असं करत पाच रंगांचा खर्च मॉडेलच्या खर्चाच्या पुढे जातो. मग माणूस घरगुती मिश्रणाकडे वळतो, आणि कुणीतरी म्हणतं, “हे काय जुगाड चालवलंय?”

माझं म्हणणं असं, की हे जुगाड नाहीच. स्वस्त रंगद्रव्य घ्यायचं, ते एखाद्या पारदर्शक चिकट पदार्थात मिसळायचं आणि पातळ थरांनी चढवायचं, हाच या कामाचा मूळ रस्ता आहे. महाराष्ट्रात तो निदान सव्वाशे वर्षं जुना आहे. एअरब्रश हे यंत्रसुद्धा याच कामाच्या शेजारी जन्माला आलं. या रस्त्याची एक किंमत मात्र आहे, आणि ती रुपयांत मोजता येत नाही. तिच्याकडे शेवटी येऊ.

आधी प्रकाशाचं गणित

मी दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा माणूस. स्क्रीनवर रंग म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाची बेरीज. पारदर्शक रंगाचा हिशोब याच्या उलटा असतो, तिथे गुणाकार चालतो. समजा लाल रंगाचा एक पातळ थर आपल्यावर पडलेल्या निळ्या प्रकाशातला ७० टक्के पुढे जाऊ देतो. थर पांढऱ्या पृष्ठभागावर असेल, तर प्रकाश आत जाताना एकदा आणि परत बाहेर येताना एकदा, असा दोनदा त्यातून जातो. ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ४९ टक्के. दुसरा तेवढाच थर मारला की उरतो साधारण २४ टक्के. म्हणून दुसऱ्या हाताला रंग एकदम गडद झाल्यासारखा वाटतो. पारदर्शक रंगात थराची जाडी हीच छटा असते. कुंचल्यानं जाडी सगळीकडे सारखी ठेवणं अवघड, म्हणून इथे एअरब्रशला पर्याय नाही.

आता रंग पारदर्शक असतो म्हणजे नेमकं काय? दोन प्रकार ध्यानात ठेवायचे. एक, विरघळणारा रंग, म्हणजे डाय: पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये साखरेसारखा पूर्ण विरघळतो. यात कणच नसतात, त्यामुळे प्रकाश अडत नाही आणि एअरब्रशची नोझलही तुंबत नाही. दोन, न विरघळणारी पूड, म्हणजे पिगमेंट. त्याचे कण खूप बारीक दळलेले असले आणि प्रकाश वाकवण्याची त्यांची ताकद भोवतीच्या माध्यमाच्या जवळपास असली, तर तेही पारदर्शक दिसतात. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाशाला जोरात वाकवतं, म्हणून ते सगळं झाकून टाकतं. पारदर्शक मिश्रणात पांढऱ्याचा एक थेंब पडला तरी काम बिघडतं ते याचमुळे. पोस्टर कलर पाण्यानं कितीही पातळ केला तरी तो पारदर्शक होत नाही, फक्त गढूळ होतो, त्याचंही कारण हेच.

कल्याणच्या काचा

सिनेमा येण्याआधीची गोष्ट. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या मुलांना घेऊन एक खेळ सुरू केला. त्याचं नाव ‘शांबरिक खरोलिका’. नाव भारदस्त आहे, पण अर्थ साधा: जादूचा कंदील. शंबर हा पुराणातला मायावी असुर, त्यावरून शांबरिक. काचेच्या छोट्या तुकड्यांवर हातानं रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग, आणि समोरच्या पडद्यावर रामायणातला प्रसंग. एकाहून जास्त कंदील वापरून आणि एकाच पात्राच्या वेगवेगळ्या मुद्रा वेगवेगळ्या काचांवर काढून, त्या भराभर बदलत पात्रं हालल्याचा भास करून द्यायचा. सोबत निवेदन आणि संगीत. हा खेळ पटवर्धन कुटुंबानं पुढे कित्येक वर्षं चालवला.

आता हे मॉडेलवाल्याच्या नजरेनं बघा. काचेवर रंगवायचंय. रंग पारदर्शकच हवा, नाहीतर पडद्यावर काळी सावली पडेल. चित्र काही इंचांचं, पण पडद्यावर माणसाएवढं होणार, म्हणजे कुंचल्याचा प्रत्येक ओरखडा तितक्याच पटीनं मोठा होऊन दिसणार. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे काच पाणी शोषत नाही. कागदावर रंग मुरतो, काचेवर तो थेंबाथेंबानं गोळा होतो. जगभरातल्या स्लाइड रंगवणाऱ्यांनी यावर एकच तोडगा काढला होता: पारदर्शक म्हणून ओळखीचे मोजके रंग निवडायचे, जसे प्रशियन निळा, गँबोजचा पिवळा, किरमिजी लेक, आणि ते वार्निशासारख्या, वाळल्यावर काचेसारख्या स्वच्छ राहणाऱ्या माध्यमात बांधायचे.

मॉडेलचं प्लास्टिक हे या बाबतीत काचेचंच भावंड आहे. तेही रंग पित नाही. त्यामुळे १८९० मध्ये काचेवर रंगवणाऱ्यापुढे जो प्रश्न होता, तोच आज टेललाइट रंगवणाऱ्यापुढे आहे आणि उत्तरही तेच आहे. रंग, त्याला धरून ठेवणारं माध्यम आणि ते पातळ करणारं द्रव. या तीन गोष्टी हातात आल्या की बाटलीवर कुणाचं नाव आहे याला फार महत्त्व उरत नाही.

लाक्षा, लेक आणि सुताराचा चपडा

वर ‘लेक’ हा शब्द आला. रंगांच्या जगात पारदर्शक लाल-किरमिजी रंगांना लेक म्हणतात. या शब्दाचं मूळ आपल्या ‘लाक्षा’त आहे, म्हणजे लाखेत. लाखेच्या किड्यापासून दोन गोष्टी मिळतात: लाल रंग, ज्याचा पूर्वी अळता बनायचा, आणि राळ. निसर्गानं रंग आणि माध्यम एकाच फांदीवर ठेवलंय. सावंतवाडीची गंजिफा आणि लाकडी खेळणी यांच्यावरची चमक याच राळेची.

ही राळ आजही तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते. चपडा म्हणून मागा, पातळ तपकिरी पापड्या मिळतात. स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवल्या की झालं फ्रेंच पॉलिश. फर्निचर पॉलिश करणारा कारागीर त्यात स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग टाकून सागवानी, अक्रोडी, महोगनी छटा आणतो. लाकडाच्या रेषा दिसत राहतात, फक्त छटा बदलते. म्हणजे आपल्या गावातला पॉलिशवाला वर्षानुवर्षं पारदर्शक रंगच कालवतोय, तो त्याला त्या नावानं ओळखत नाही एवढंच.

मॉडेलवर हे चालतं, पण दोन अटींवर. चपडा स्वतः पिवळसर असतो, त्यामुळे लाल, नारिंगी आणि धुरकट छटा झकास येतात, पण निळा हिरव्याकडे झुकतो. आणि स्पिरिट आपल्या प्लास्टिकला किंवा फोमशीटला काय करतं, ते आधी टाकाऊ तुकड्यावर बघून घ्यायचं.

एअरब्रश कुणासाठी जन्मला

आता थोडं बाहेर जाऊ, कारण यंत्र बाहेरून आलं. अमेरिकेत फ्रान्सिस स्टॅनली नावाच्या माणसानं १८७६ मध्ये रंगाचा फवारा मारणाऱ्या उपकरणाचं पेटंट घेतलं. हाच पुढे भावासोबत वाफेवर चालणारी मोटार बनवणारा स्टॅनली. १८७९ मध्ये आयोवा राज्यातल्या ॲबनर पीलरनं हातात धरायचं आपलं यंत्र तयार केलं, आणि लिबर्टी वॉकअपनं ते विकत घेऊन सुधारून बाजारात आणलं. १८९३ मध्ये चार्ल्स बर्डिकनं असा एअरब्रश आणला, ज्यात हवा आणि रंग यंत्राच्या आतच मिसळतात. आज आपण वापरतो ते बहुतेक एअरब्रश याच घराण्यातले.

हे यंत्र त्या काळी मुख्यतः कुठे वापरलं गेलं? जलरंगाच्या चित्रांत, आणि फोटोंवर. काळ्या-पांढऱ्या फोटोवर छटा चढवायची, डाग झाकायचे, पार्श्वभूमी मऊ करायची. म्हणजे रणगाडे आणि विमानं रंगवणारे आपण या यंत्राचे उशिरा आलेले पाहुणे. घरचा माणूस फोटोवाला.

भिंतीवरचे आजी-आजोबा

भारतात फोटो रंगवण्याच्या दोन तऱ्हा होत्या. एक म्हणजे फोटोवर जाड रंग देऊन जवळजवळ नवंच चित्र काढायचं, इतकं की खालचा फोटो उरतच नाही. राजेरजवाड्यांचे असे फोटो संग्रहालयांत दिसतात. दुसरी तऱ्हा गरिबाची: फोटो तसाच ठेवायचा आणि त्यावर पारदर्शक रंगाचा हात फिरवायचा. ओठांना आणि गालांना जरासा गुलाबी, पातळाला हिरवा, फेट्याला केशरी, दागिन्याला पिवळा. चेहऱ्याच्या सगळ्या छाया-प्रकाशाचं काम खालचा फोटो करतो. कमी रंग, कमी वेळ, कमी पैसा.

आपल्या मराठवाड्यात, बीड-अंबाजोगाई-माजलगावच्या जुन्या घरांत, बैठकीच्या भिंतीवर हार घातलेले जे मोठे फोटो असतात, त्यांत अशा रंगवलेल्या तसबिरी हमखास सापडतात. बहुतेकदा एखाद्या छोट्या फोटोवरून एन्लार्जमेंट केलेली, कधी दोघांचे वेगवेगळे फोटो जोडून एक जोडपं केलेलं. रंगीत रोल आणि रंगीत प्रिंट परवडायला लागेपर्यंत ‘रंगीत फोटो’ म्हणजे हाच.

इथे एक तांत्रिक गोष्ट आहे आणि ती आपल्या मिश्रणासाठी फार महत्त्वाची आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. पाण्यात विरघळलेला रंग त्यात मुरतो आणि तिथेच बसतो. म्हणून फोटो कलरच्या बाटलीत नुसता रंग आणि पाणी असलं तरी चालायचं, धरून ठेवायचं काम जिलेटिन करायचं. तोच रंग प्लास्टिकवर मारला की थेंब-थेंब होतो आणि वाळल्यावर बोटाला येतो. मग लोक म्हणतात, “फोटो कलर मॉडेलवर चालत नाही.” चालतो. फक्त फोटोच्या कागदात जे आयतं होतं, ते आपल्याला बाटलीत घालावं लागतं.

शाईच्या वडीपासून फोटो कलरपर्यंत

हा स्वस्त रंग येत कुठून होता? १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलानं मलेरियावरचं क्विनाइन बनवायला जाऊन चुकून जांभळा रंग बनवला, आणि दगडी कोळशाच्या डांबरापासून रंग काढायचा उद्योग उभा राहिला. किलोच्या भावात रंग मिळू लागला. याच घराण्यातल्या रंगांनी कापड रंगलं, शाई बनली आणि फोटोही रंगले.

१९३१ मध्ये मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांच्या भावानं शाईची पूड आणि शाईच्या वड्या बनवायला सुरुवात केली. छाप होता घोडा. स्वदेशीचे दिवस होते. वडी पाण्यात टाकायची की दौत भरली. बाटली नको, पाण्याची वाहतूक नको, म्हणून स्वस्त. हाच उद्योग पुढे कॅमलिन झाला. १९६० च्या दशकात सुभाष दांडेकरांनी त्याला चित्रकलेच्या रंगांकडे नेलं, २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीनं त्यात मोठा हिस्सा घेतला. सुभाष दांडेकर २०२४ मध्ये गेले. आपल्या शाळेच्या कंपासपेटीवरचा उंट तो हाच.

शाई म्हणजे दुसरं काय, तर पाण्यात विरघळलेला पारदर्शक रंग. शाई बनवणाऱ्याला फोटो कलर बनवणं म्हणजे शेजारच्या खोलीत जाणं. कॅमलचे पारदर्शक फोटो कलर छोट्या बाटल्यांत मिळतात, आणि फोटो रंगवणारे संपत आले तरी मॉडेलवाले, हस्तकला करणारे त्यांना विचारत असतात.

छपाईतही हाच धागा आहे. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी छपाईच्या धंद्यात होते, आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईचं तंत्र आणि यंत्रं यांच्यासाठी जर्मनीला गेले होते. तीन रंगांची छपाई उभीच आहे ती शाईच्या पारदर्शकतेवर. पिवळ्यावर निळसर थर चढला की डोळ्याला हिरवा दिसतो, कारण प्रकाश दोन्ही थरांतून जातो. वरची शाई झाकणारी असती तर हिरवा झालाच नसता.

मग फवारा मराठी घरात कधी शिरला? कॅलेंडरवरून. रघुवीर मुळगावकर, जन्म १९१८, मृत्यू १९७६. त्यांच्या देवदेवता आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरच्या स्त्रिया एका पिढीच्या डोळ्यांत बसलेल्या आहेत. त्या चित्रांतली ती लोण्यासारखी त्वचा, कडा नसलेली छाया, मागचं धुक्यासारखं तेज, ही फवाऱ्याची करामत. कुंचल्यानं असा उतार साधायला खूप घासावं लागतं. मॉडेलवर विमानाच्या पोटावरची काजळी किंवा इंजिनामागे तापलेल्या धातूची निळी-जांभळी झाक आणताना आपण हेच करत असतो: पातळ फवारा, थरावर थर.

आता बाटली हातात घेऊ

या सगळ्यातून जे शिकायला मिळतं, ते वापरून मिश्रण असं होतं.

माध्यम म्हणून पाण्यात मिसळणारं, वाळल्यावर स्वच्छ राहणारं ॲक्रिलिक ग्लॉस वार्निश किंवा ग्लॉस मीडियम घ्या. चित्रकलेच्या दुकानात मिळतं. अमेरिकेतले मॉडेलवाले अनेक वर्षं ‘फ्यूचर’ नावाच्या फरशीच्या पॉलिशमध्ये शाई आणि खायचे रंग टाकून हेच करत आले, कारण ते पॉलिशही ॲक्रिलिकच होतं. म्हणजे जुगाड म्हणायचंच असेल, तर ते फक्त आपलं नाही.

साधारण १० भाग माध्यमाला १ ते २ भाग फोटो कलर. याहून जास्त रंग घातला तर थर चिकट राहतो. पातळ करायला नळाचं किंवा बोअरचं पाणी घेऊ नका. आपल्याकडच्या पाण्यात क्षार भरपूर, वाळल्यावर पांढरट झाक येते. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते स्वस्त आणि चोख. मिश्रण दुधाइतकं पातळ हवं. प्लास्टिकवर थेंब गोळा होत असतील, तर भांड्याच्या साबणाचा अगदी काडीच्या टोकाएवढा अंश पुरतो. जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्या. रंगासाठी नाही, वार्निशातल्या साईसाठी.

रंग कालवताना फिक्यात गडद घालायचा, उलटं नाही. नारिंगी करायचा तर पिवळा घेऊन त्यात लाल थेंबाथेंबानं टाका. लालात पिवळा ओतत बसलात तर अर्धी बाटली संपेल. धुरकट छटेसाठी काळ्यात किंचित तपकिरी. आणि छटा बाटलीत बघून ठरवू नका, बाटलीत ती नेहमी गडद दिसते. पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा तुकडा कापा, त्यावर एक, दोन, तीन असे थर मारा, वाळू द्या आणि उजेडासमोर धरा.

फवारताना दाब कमी, १५ ते २० पीएसआय. पहिला थर जवळजवळ न दिसणारा. तो वाळल्यावर दुसरा. टेललाइटखाली आधी चंदेरी रंग दिलात, तर आत गेलेला प्रकाश परत फिरतो आणि दिवा खरा वाटतो. आणि मंडळी, पाण्याचा रंग असला तरी फवारा तो फवाराच: खिडकी उघडी आणि तोंडाला मास्क. स्पिरिटचं मिश्रण असेल तर जवळपास शेगडी, उदबत्ती काहीही नको.

उडणारा रंग

आता त्या किमतीकडे येऊ.

विरघळणारा रंग स्वच्छ दिसतो, स्वस्त मिळतो, नोझल तुंबवत नाही. पण तो उन्हात उडतो. त्याचा एकेक रेणू सुटा असतो, प्रकाशानं तो मोडायला वेळ लागत नाही. पिगमेंटच्या कणात असे असंख्य रेणू एकमेकांना धरून असतात, वरचा पापुद्रा गेला तरी आतला टिकतो. लाल शाईत पूर्वापार वापरला गेलेला इओसिन हा रंग तर यासाठी बदनामच आहे. व्हॅन गॉगनं इओसिनचा लाल वापरला होता. त्याच्या १८८८ च्या प्रसिद्ध ‘शयनगृह’ चित्रातल्या भिंती आज निळ्या दिसतात, पण अभ्यासकांनी तपासल्यावर कळलं की त्या मुळात जांभळट होत्या. लाल उडून गेला, निळा उरला. आपल्याला जे चित्र म्हणून माहीत आहे, ते उडून उरलेलं चित्र आहे.

मग टिकाऊ पारदर्शक रंग नाहीतच का? आहेत. १९३० च्या दशकात फ्थॅलोसायनिन निळा बाजारात आला आणि नंतर हिरवा, १९५० च्या दशकाच्या अखेरीला क्विनाक्रिडोनचे लाल-किरमिजी. हे पिगमेंट आहेत, बारीक दळल्यावर पारदर्शक दिसतात आणि उन्हाला चांगलेच दाद देत नाहीत. हे परदेशी वाटत असेल, तर ऐका: पुण्यात १९५१ मध्ये सुरू झालेली सुदर्शन केमिकल ही पिगमेंट बनवणारी कंपनी, आणि तिचा कारखाना रायगड जिल्ह्यातल्या रोह्याला आहे. रंगाचा कच्चा माल जगाला पुरवणाऱ्या राज्यात बसून आपण १० मिलीच्या बाटलीची वाट बघतो.

व्यवहारात याचा अर्थ असा. कपाटात राहणाऱ्या मॉडेलला, छोट्या दिव्यांना फोटो कलर बिनधास्त वापरा. खिडकीजवळ ठेवायचं असेल, कुणाला भेट द्यायची असेल किंवा शाळेच्या प्रदर्शनात महिनोन् महिने राहणार असेल, तर रंगाच्या ट्यूबवर पिगमेंटचा क्रमांक बघून घ्या: पीबी १५ म्हणजे फ्थॅलो निळा, पीजी ७ म्हणजे फ्थॅलो हिरवा, पीव्ही १९ म्हणजे क्विनाक्रिडोन. हे ॲक्रिलिक रंग त्याच ग्लॉस माध्यमात कालवले की तेही पारदर्शकच होतात, फक्त गाळणं आणि नोझल धुणं जास्त काळजीनं. खात्री हवी तर रंगवलेल्या पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाका आणि एप्रिल-मेमध्ये गच्चीवर ठेवा. मराठवाड्याच्या उन्हाइतकी कडक प्रयोगशाळा फुकटात दुसरी नाही. महिन्याभरानं कागद काढला की रंग स्वतःच उत्तर देईल.

मॉडेल फिकं पडलं तर आपण परत रंगवू शकतो. भिंतीवरच्या आजीचा पदर परत रंगवता येणार नाही. त्या तसबिरींमध्ये तोच विरघळणारा रंग आहे आणि तो रोज थोडा थोडा जातोय. भर म्हणजे, आता घराघरांत असं चाललंय की जुना फोटो स्टुडिओत द्यायचा, संगणकावर ‘साफ’ करून नवा चकचकीत प्रिंट आणायचा आणि मूळ फोटो अडगळीत किंवा कचऱ्यात टाकायचा. नव्या प्रिंटमध्ये चेहरा राहतो. पण पदर हिरवा होता हे कुणीतरी घरच्यांना विचारून, थेंब मोजून, कापसाच्या बोळ्यानं चढवलं होतं, ते काम जातं. आणि ते काम करणाऱ्यांनी आपल्या मिश्रणांची वही सहसा मागे ठेवलेली नाही. नावसुद्धा नाही. मुळगावकरांची सही कॅलेंडरवर राहिली, फोटो रंगवणाऱ्याची कुठेच राहिली नाही.

तेव्हा आजच्या भागातून दोन कामं घ्या. घरात असा फोटो असेल, तर तो समोरच्या उन्हाच्या भिंतीवरून काढून सावलीतल्या भिंतीवर लावा, फ्लॅश न वापरता दिवसाच्या उजेडात त्याचा मोबाइलवर नीट फोटो काढा, आणि नवा प्रिंट केलात तरी मूळ फोटो टाकू नका. मागची बाजूही बघा, कधीकधी स्टुडिओचा शिक्का असतो. दुसरं, तुमच्या गावात जुना स्टुडिओ असेल आणि तिथे साठी-सत्तरीचं कुणी बसत असेल, तर जाऊन विचारा: काका, रंग कशात कालवायचात? लाल टिकावा म्हणून काय करायचात? त्यांनी जे सांगितलं ते, परवानगी घेऊन, रेकॉर्ड करा. आपण इंटरनेटवर ज्या गोष्टी धुंडाळत बसतो, त्यातल्या कित्येक त्यांना हातानं माहीत आहेत.

रेकॉर्डिंग मिळालं तर आम्हाला पाठवा, त्यावर वेगळा भाग करू. तुमच्या पट्ट्यांचे उन्हाळ्यानंतरचे फोटोही पाठवा, कोणता लाल टिकला ते सगळ्यांनाच कळू दे. भेटू पुढच्या भागात. राम राम.